पंचवीस वर्षांनी पुन्हा पळायला लागलो, तिसऱ्याच आठवड्यात टाचेनं धरलं. मदत हवी आहे

रंकाळावेस५४
वय ५४, उंची १७० सेंमी, वजन ८१ किलो. कॉलेजात ५-१० किलोमीटर पळायचो, नंतर २५ वर्षं बंद. बीपीसाठी अम्लोडिपिन ५ रोज सकाळी. शुगर नॉर्मल.

तीन आठवडे झाले, रोज पहाटे रंकाळा तलावाची पूर्ण फेरी, निम्मी पळत, निम्मी चालत. दम आता टिकतोय. पण गेले पाच-सहा दिवस सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की उजव्या टाचेखाली आतल्या बाजूला खिळा टोचल्यासारखं होतं. पंधरा-वीस पावलांनी कमी होतं. दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेलाही ठसठसतं. बूट घरातलेच, सहा-सात वर्षांपूर्वीचे, पण फारसे न वापरलेले.

पूर्ण थांबू का? थांबायचं तर किती दिवस? आणि पुन्हा सुरू कसं करायचं?

वस्तादांचा_कट्टा
टाचेत एक इंजेक्शन मारून घ्या, पंधरा दिवसांत मोकळे व्हाल.

पोटरी_आणि_पायरी
इंजेक्शनची घाई नको. स्टेरॉइडनं काही आठवडे बरं वाटतं, पण मूळ कारण तिथंच राहतं. तळव्याखालचा पट्टा फाटण्याचा धोकाही असतो, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर पुन्हा जोरात पळतो. तो शेवटचा उपाय.

रंकाळावेस दादा, "दम टिकतोय" हे तुम्ही चांगली बातमी म्हणून लिहिलंय, घोटाळा तिथंच आहे. हृदय आणि स्नायू तीन-चार आठवड्यांत सुधारतात. कंडरा (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या), तळव्याखालचा पट्टा आणि हाडं यांना महिने लागतात. नवा भार आला की हाड आधी जुना भाग पोखरतं आणि मग नवा भरतं, त्यामुळं मधले काही आठवडे ते उलट कमजोर असतं. छाती "चल अजून" म्हणते तेव्हा पाय तयार नसतात. त्यात रोज पळताय, म्हणजे भरायला मोकळा दिवसच नाही. पूर्वी पळणाऱ्यांनाही हे होतं, कारण डोक्यात जुना वेग बसलेला असतो.

वर्णनावरून टाचेचं प्लांटर फॅशियाचं, म्हणजे त्याच तळव्याखालच्या पट्ट्याचं दुखणं वाटतं. आधी नडगी तपासा. आतल्या कडेवरून बोट दाबत न्या. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडं थोडं थोडं दुखत असेल तर भार कमी केल्यावर जाईल. एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत जीव जाईल असं दुखत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं आजच बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. बारीक तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर परत पळायला जाऊ नका, गरज पडली तर एमआरआय सांगतील.

टाचेसाठी दोन गोष्टी, दोन्ही फुकट.

उठल्यावर पाय जमिनीला टेकवायच्या आधी पलंगावर बसूनच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. बोटं हातानं नडगीकडं ओढा, १० सेकंद धरा, असं १० वेळा. दुसऱ्या हातानं तळवा चाचपला तर पट्टा दोरीसारखा ताणलेला लागला पाहिजे, नाहीतर ओढ कमी पडतेय.

दुसरं, पायरीवर टाचा उचलणं. पायरीच्या कडेवर पायाचा पुढचा भाग ठेवा आणि बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घ्या. बोटं वर वाकलेली असतील तरच पट्ट्यावर भार येतो. गुंडाळी विसरलात तर नुसता पोटरीचा व्यायाम होईल. ३ सेकंदांत वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. १२ वेळा, असे ३ सेट, एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. सोपं झालं की पाठीवर सॅक घ्या आणि वजन वाढवत न्या. तीन महिने. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडतात, तिथंच चुकतं.

घरात फरशीवर अनवाणी फिरू नका, मऊ चप्पल घाला. आणि कोल्हापुरात हे सांगणं म्हणजे पाप आहे, पण कोल्हापुरी चप्पल सध्या कपाटात. सपाट, कडक तळ या दुखण्याला चालत नाही.

विद्यापीठ_चढण
जागेबद्दल. रंकाळ्याची पूर्ण फेरी चार किलोमीटरच्या वर जाते. निम्म्यात पाय दुखायला लागला तर पुढं जा नाहीतर मागं या, अंतर तेवढंच. मग माणूस लंगडत का होईना, फेरी पुरी करतो. एका बाजूला जाऊन-येऊन करा, १० मिनिटं पुढं, १० मिनिटं मागं. कधीही थांबलात तरी गाडी जवळ.

विद्यापीठाच्या आवारातले चढ-उतार सध्या टाळा. चढाला पोटरी आणि टाच ताणली जाते, उताराला नडगी आणि गुडघा मार खातात. सपाट मातीचं मैदान मिळालं तर उत्तम. रस्त्यावर कायम एकाच कडेनं पळू नका, उतरत्या कडेला एक पाय सतत तिरका पडतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर पळायचंच नाही, चालायचं.

रंकाळावेस५४
नडगी दाबून बघितली, पट्ट्यात दुखतंय, एका जागी नाही. मग बूट बदलू का? आणि टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) करून घ्यायला पाहिजे का? घड्याळात नाडी १५५ दाखवते, ती जास्त आहे का?

सोल_झिजला
बूट बदलाच. न वापरलेले असले तरी सहा-सात वर्षांत तळातला फोम कडक होतो आणि डिंक सुटतो. अंगठ्यानं तळ दाबा, दबत नसेल तर संपला. नवे संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात, त्यांनी तर हे नक्की पाळावं. पळताना घालायचे तेच मोजे घालून बघा. उभं राहिल्यावर सगळ्यांत लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच पुढच्या भागापेक्षा ८ ते १० मिमी उंच असलेला साधा बूट घ्या. अगदी सपाट तळाच्या बुटात पोटरीवर आणि टाचेवर जास्त ओढ येते. कार्बन प्लेटचे महाग बूट आपल्या कामाचे नाहीत. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बदला.

बीपीवाला_मित्र
टीएमटीचं फॅमिली डॉक्टरांशी बोलून ठरवा. ५४ वय आणि बीपी आहे म्हणजे निदान तपासणी आणि ईसीजी हवाच. टीएमटी नॉर्मल आला तरी ती गॅरंटी नसते. पळताना छातीवर दाब, जबडा किंवा हातात कळ, घेरी किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम आला तर थांबून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बसल्याजागी बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी पळणं नाही.

नाडी: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. तुमची कमाल साधारण १७० येते, म्हणजे १५५ हे सरावासाठी फार जास्त. १२० ते १३० च्या आसपास ठेवा. पण हा अंदाज आहे, माणसागणिक १०-१२ चा फरक पडतो. आणि मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल घेणाऱ्यांनी हे गणित वापरूच नये, त्या गोळ्या नाडीच दाबून ठेवतात. सगळ्यांत भरवशाची खूण बोलण्याची. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. थांबताना झटकन थांबू नका, ५ मिनिटं चाला, बीपीच्या गोळीवर एकदम थांबलं की चक्कर येऊ शकते.

पोटरी_आणि_पायरी
मग असं करा. पहिले दोन आठवडे पळणं बंद, एक दिवसाआड ३० मिनिटं सपाटीवर भरभर चालणं आणि वरचा व्यायाम. सकाळची पहिल्या पावलाची कळ दहापैकी तीनवर आली की सुरू करा. मंगळ, गुरू, शनि. (रविवार मिसळीला मोकळा.)

दर वेळी आधी ५ मिनिटं चालणं, शेवटीही ५. मधे, पळणं सुरू केल्यावरचे पहिले दोन आठवडे, १ मिनिट पळणं आणि २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. पुढचे दोन आठवडे २ मिनिटं पळणं आणि २ चालणं, सहा वेळा. मग ३ आणि २, पाच वेळा. मग ५ आणि २, चार वेळा. मग ८ आणि २, तीन वेळा. त्यानंतर सलग २० मिनिटं. पावलं छोटी आणि जलद टाका. लांब टांग टाकली की टाच शरीराच्या बरीच पुढं आपटते.

पळताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखलं, तर तो आठवडा पुन्हा करायचा, पुढं जायचं नाही. ताप आला असेल तर ताप जाऊन अंगात ताकद येईपर्यंत बंद, मग एक पायरी मागून सुरुवात.

वस्तादांचा_कट्टा
बरं, इंजेक्शनचं मागं घेतो. पण बैठका तरी चालतील ना?

पोटरी_आणि_पायरी
चालतील, पळायच्या दिवशीही. फक्त तालमीतल्यासारख्या टाचा उचलून पूर्ण खाली नको. टाच जमिनीवर ठेवून अर्ध्या बैठका, १२ च्या तीन.

रंकाळावेस५४
टॉवेलची गुंडाळी किती जाड?

पोटरी_आणि_पायरी
हात पुसायचा छोटा टॉवेल घट्ट गुंडाळा. टाच पूर्ण खाली गेली तरी बोटं वर वाकलेलीच राहिली पाहिजेत, तेवढी.