‘सामुराई’ला मराठीत काय म्हणावं?

आठवीच्या मुलांना जुन्या जपानवर चार तास शिकवायचे आहेत. टिपणात पहिलंच वाक्य लिहिलं, ‘सामुराई म्हणजे जपानचे क्षत्रिय’, आणि तिथेच अडले. क्षत्रिय म्हटलं की मुलं आपली वर्णव्यवस्था उचलून तिकडे नेऊन ठेवणार. ‘योद्धा’ म्हटलं तर डोळ्यांपुढे येतो तो कार्टूनमधला, तलवार घेऊन उड्या मारणारा. शिक्षकांच्या खोलीत विचारलं तर एकजण म्हणाले ‘सरदार’, दुसऱ्या बाई म्हणाल्या ‘मावळा’. कोणता शब्द बसेल? की सामुराई तसाच ठेवू? आणि लिहायचं कसं: समुराई, सामुराई की सामुराय?

*

ताई, आधी मूळ शब्द बघू, म्हणजे पुढचं सोपं होईल. जुन्या जपानीत ‘साबुराउ’ असं क्रियापद आहे. थोरामोठ्यांच्या जवळ, आज्ञेची वाट बघत हजर राहणं, तैनातीत असणं, हा त्याचा अर्थ. त्यावरून ‘साबुराइ’ म्हणजे तैनातीतला माणूस. ‘ब’चा ‘म’ होऊन आजचं रूप पक्कं झालं ते पुष्कळ नंतर, सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास.

हा अर्थ किती साधा होता ते बघायचं असेल तर ९०५ च्या सुमारास सम्राटाच्या हुकमावरून जुळवलेला ‘कोकिन्शू’ हा काव्यसंग्रह काढा. त्यात ईशान्येकडचं एक गाणं आहे. त्याचा आशय असा: सेवकहो, धन्याला सांगा, डोक्यावर ‘कासा’ घ्या म्हणावं, मियागिनोच्या झाडांखाली ठिबकणारं दव पावसालाही मागे टाकतं. कासा म्हणजे छत्री किंवा मोठी विणलेली टोपी; कोकणातला माणूस सरळ ‘इरलं’ म्हणेल. या गाण्यात ज्याला हाक मारली आहे तो ‘मि-साबुराइ’, म्हणजेच आपला सामुराई. त्याच्या हातात तलवार नाही. धनी भिजू नये एवढंच त्याचं काम. मुलांना पहिल्या तासाला हेच द्या, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

लढणाऱ्यासाठी जपानीत वेगळा शब्द आहे: ‘बुशि’. त्यातल्या ‘बु’मध्ये शस्त्र आणि युद्ध आहे. कामाकुराच्या काळात (म्हणजे बाराव्या ते चौदाव्या शतकांत, सत्ता कामाकुरा या शहरातून चाले तेव्हा) तर ‘साबुराइ’ हा लढणाऱ्यांमधला वरचा दर्जा होता, लढणारा प्रत्येकजण साबुराइ नव्हे. म्हणून ‘योद्धा’ हा ‘बुशि’चा अर्थ म्हणून चालेल, ‘सामुराई’चा म्हणून नाही.

लेखनाबद्दल: जपानी ‘सा’ कानाला आपल्या ‘स’पेक्षा ‘सा’ला जवळचा लागतो, म्हणून ‘सामुराई’. शेवटचा ‘इ’ जपानीत ऱ्हस्व आहे, पण मराठीत शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहितो, तर ‘ई’ ठीकच. ‘सामुराय’ नको, ते आडनाव वाटतं.

*

मग ‘पाईक’ का नको? पाईक म्हणजे शिपाई, पण स्वामीचा सेवकही. तुकोबांच्या गाथेत पाइकीचे अभंग आहेत, तिथे शौर्य आणि स्वामिनिष्ठा एकाच शब्दात नांदतात. आजही आपण ‘विचारांचा पाईक’ म्हणतो, त्यात सेवाच आहे. सामुराईची जोडी याच्याइतकी कुणाशी जमत नाही.

*

भावार्थाच्या बाजूने तुमचं पटतं आणि शब्द सुंदर आहे. अडचण पायाची आहे. पाईक हा पायदळातला. बाराव्या-तेराव्या शतकातला बुशि घोड्यावर बसून धनुष्य चालवणारा; त्याच्या जगण्याच्या रीतीला तेव्हा ‘धनुष्य-घोड्याची वाट’ असंच म्हणत. उलट जपानीत ‘आशिगारु’ असा शब्द आहे, शब्दशः ‘हलक्या पायाचा’. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या लढायांत मोठ्या संख्येने उतरलेला हा साधा पायदळ सैनिक. ‘पाईक’ शब्द आशिगारुसाठी राखून ठेवला तर भाषांतरात फार उपयोगी पडेल.

आपल्या इतिहासातले आणखी दोन शब्द या कामाला येतात. ‘हातामोतो’ म्हणजे शब्दशः ‘निशाणाच्या बुडाशी असलेले’. एदोच्या काळात (१६०३ नंतर) शोगुनचे, म्हणजे देशाची सत्ता चालवणाऱ्या लष्करी प्रमुखाचे, खास स्वतःचे, त्याच्यासमोर जाण्याचा मान असलेले सामुराई ते हे. आपल्याकडे पेशव्यांच्या खाशा फौजेला ‘हुजुरात’ म्हणत. हुजूर म्हणजे समक्षता, आणि ‘साबुराउ’मध्येही तीच. ही जोडी मला तरी निर्दोष वाटते.

दुसरा शब्द ‘वतन’. जपानीत ‘जीव तोडून’ या अर्थी रोज वापरला जाणारा शब्द आहे ‘इश्शोकेन्मेई’. शाळेत मुलं अभ्यास करतात तो इश्शोकेन्मेई, खेळाडू धावतो तो इश्शोकेन्मेई. आज ‘शो’चा स्वर लांबवून ‘आयुष्य पणाला’ अशा अक्षरांनी लिहितात, पण मूळ शब्द आहे ‘एका जागेवर जीव टाकणं’. ती जागा म्हणजे बुशिची जमीन, त्याचं वतन. धन्याने जमिनीचा हक्क राखायचा, ही ‘गो-ओन’, कृपा. बुशिने लढायला यायचं, ही ‘होको’, चाकरी. १२७४ मध्ये मंगोल चालून आले तेव्हा दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरचा ताकेझाकी सुएनागा हा बुशि लढला, बक्षीस मिळालं नाही, म्हणून पुढच्या वर्षी थेट कामाकुराला जाऊन त्याने दाद मागितली आणि मिळवली. नंतर आपल्या पराक्रमाची लांबलचक चित्रगुंडाळीही करवून घेतली, ती आजही आहे. निष्ठा होती, पण हिशोबासकट. वतनासाठी हेलपाटे घालणारी माणसं आपल्या कागदपत्रांत भेटतात, त्यामुळे मराठी मुलाला हे चटकन कळेल.

*

‘बुशिदो’, म्हणजे ‘बुशिची वाट’, हा शब्द जपून वापरा, एवढंच सुचवतो. ‘मध्ययुगीन सामुराई बुशिदोचे नियम पाळत’ असं वाक्य सगळीकडे दिसतं. हा शब्द जगभर गेला तो निटोबे इनाझो यांच्या १९०० मधल्या पुस्तकामुळे, आणि ते इंग्रजीत, अमेरिकेत लिहिलेलं. तोवर सामुराई वर्गच उरला नव्हता. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावरही बंदी आली होती. आपण ज्याला सामुराईचं चित्र म्हणतो त्यातलं बरंचसं १६०३ नंतरच्या, दीर्घ शांततेच्या एदो काळातलं आहे. जपानी इतिहासकार तो काळ मध्ययुगात धरत नाहीत.

*

दोन छोट्या गोष्टी. ‘हाराकिरी’ हा शब्द मुलांना माहीत असतो, क्रिकेटच्या बातम्यांमधून: ‘फलंदाजांची हाराकिरी’. जपानीत विधीचा भारदस्त शब्द ‘सेप्पुकु’. गंमत अशी की दोन्हींत चिन्हं तीच, ‘पोट’ आणि ‘कापणे’, फक्त क्रम उलटा. एक बोलीतला उच्चार, एक चिनी वळणाचा. पण वर्गात हा शब्द आला तर तो मरणाचा शब्द आहे हे मुलांना सांगावं. मथळ्यात तो फार हलका होऊन बसलाय.

आणि ‘दाइम्यो’, म्हणजे आपापला मुलूख राखणारा बडा सरदार. पुण्याच्या मुलांना हा शब्द पायाखालून शिकवता येईल. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे. ती मूळ बाग इकेदा त्सुनामासा या दाइम्योने करवली, १७०० मध्ये पुरी झाली. एदोच्या काळात दाइम्यो व्हायला किमान १०,००० कोकुंचा मुलूख लागे. कोकु हे आपल्या खंडीसारखं धान्याचं माप: सुमारे १८० लिटर, म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाचं वर्षाचं पोट.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पहिला तास झाला. इरल्याचं गाणं फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, यात सामुराई कोण? बहुतेकांनी धन्याकडे बोट दाखवलं. सेवक म्हटल्यावर वर्ग गप्प झाला, मग एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे तो आधी सांभाळणारा होता.’ ‘सांभाळणारा’ हा शब्द आपल्यापैकी कुणालाच सुचला नव्हता.

नंतर फूटपट्ट्या कमरेला. जुनी ‘ताची’ तलवार दोरीने लटकवायची, धार खाली, कारण स्वार घोड्यावर. पुढची ‘काताना’ पट्ट्यात खोचायची, धार वर. बाकावर घोड्यासारखं बसून पट्टी उपसून बघितली तेव्हा फरक हाताला कळला, मला समजावून सांगावं लागलं नाही.

टिपणात आता सामुराई तसाच ठेवलाय, कंसात ‘तैनातीतला’. पाईक आशिगारुला, हुजुरात हातामोतोला.

एक शब्द मात्र राहिला. ‘रोनिन’, लाटेसारखा भटकणारा, धनी नसलेला सामुराई. आजच्या जपानीत विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हुकल्यावर वर्षभर पुन्हा तयारी करणाऱ्या मुलालाही रोनिनच म्हणतात. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ‘बाई, माझ्या दादाने नीटसाठी ड्रॉप घेतलाय, त्याला मराठीत काय म्हणायचं?’ ‘रिपीटर’ नको, तो नापासासारखा वाजतो. आपल्या कुणाच्या गावात यासाठी शब्द आहे का?