शेवटच्या २५० मीटरला स्प्लिट (५०० मीटरला लागणारा वेळ) चढतो, काय करू?

प्रश्न (शहापूर, बेळगाव):
वय १९. जिमच्या रोइंग मशीनवर २००० मीटर मारतो. १७५० पर्यंत २८ च्या रेटनं (मिनिटाला २८ ओढी) १:५८ नीट टिकतं. शेवटी रेट ३६ वर नेला की स्प्लिट उतरायचा सोडून २:०१ होतो, हात पेटतात. डँपर (ओढ जड-हलकी करणारी हवेची झडप) १० वर असतो.

उत्तर (खानापूर):
भावा, आधी डँपर ४-५ वर आण. दहावर प्रत्येक ओढ जड, पाय लवकर संपतात. खरी चूक मात्र मला सीटमध्ये दिसतेय. रेट वाढवायला तू घाईनं पुढं सरकत असणार, मग पायाची ढकल अर्धी राहते आणि सगळं हातावर येतं. मी फौजेत असताना चौघांच्या बोटीत एकानं अशी घाई केली की बोट अडायची, सीटखाली धक्का कळायचा. पाय जोरात ढकल, हात छातीपासून झटकन सोड, पुढं मात्र सावकाश ये. आठवड्यातून एकदा २५० मीटरचे आठ तुकडे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. एकदम ३६ नको. ३०, ३२, ३४ असं चढ.

उत्तर (निपाणी):
दादा म्हणतात ते बरोबर. पण लांब, सावकाश रोइंग सोडू नकोस. २००० मीटरची बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनवरच येते.

प्रश्नकर्ता:
आज डँपर ५ ठेवून ३२ पर्यंतच गेलो. शेवट १:५६! मांड्या थरथरतायत, हात ठीक आहेत. दादा, पाय बांधायचा पट्टा किती घट्ट ठेवू?