'बुलिमिया'ला 'भस्म्या' म्हणायचं का?

शमिका_ठाणे
दंतवैद्यांकडे ठेवायचं एक माहितीपत्रक मराठीत करतेय. त्यात आहे की बुलिमियात वारंवारच्या उलट्यांमधलं आम्ल लागून वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजते. मी 'बुलिमिया'च ठेवलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'भस्म्या रोग' केलं. मला पटेना. शिवाय 'बिंज'ला, म्हणजे ताबा सुटून एकदम खूप खाण्याला, काय लिहू?

नाना_वाईकर
भस्म्या उत्तम शब्द आहे. आमच्याकडे पंगतीत परातभर जिलबी संपवणाऱ्याला 'भस्म्या झालाय मेल्याला' म्हणत. घरचा शब्द असताना परका कशाला?

अर्धविराम
नाना, तो जिलबी खाऊन ओकायला जात नव्हता ना? आयुर्वेदातल्या भस्मकात जठराग्नी इतका भडकतो की खाल्लेलं लगेच जळतं आणि माणूस वाळत जातो. बुलिमियात आधी ताबा सुटून खाणं, मग ते वजनावर दिसू नये म्हणून उलट्या, कडक उपास नाहीतर बेसुमार व्यायाम. वजन बहुतेकदा चारचौघांसारखंच.

संस्कृतप्रेमी
'क्षुधातिरेक' घ्या. ग्रीक मूळही तेच सांगतं: बूस म्हणजे बैल, लिमॉस म्हणजे भूक. आणि लिमॉस म्हणजेच आपला लोभ!

अर्धविराम
लोभाचा काही संबंध नाही हो, 'लुभ्' हा वेगळा धातू. 'बूस' आणि आपला 'गो' मात्र खरंच एका मुळातले. पण बैलाची भूक म्हटल्याने आजार कळत नाही. १९७९ साली जेराल्ड रसेल या लंडनच्या मनोविकारतज्ज्ञांनी 'बुलिमिया नर्व्होसा' हे नाव दिलं, तेव्हा रुग्णांना असलेली जाड होण्याची धास्तीही त्यांनी वर्णनात घेतली होती. तुमच्या 'क्षुधातिरेका'त ती कुठे आहे?

गवतीचहा
माझ्या मावसबहिणीला होता. भूक नसायचीच तिला. पोट भरलेलं असतानाही हात थांबायचा नाही, नंतर स्वतःची शिसारी यायची, आणि दुसऱ्या दिवशी उपास. चतुर्थी, एकादशी, गुरुवार, सगळे वार तिने धरले होते. आजी कौतुक करायची! लाळग्रंथी सुजून गाल वर आले, तर सगळे म्हणाले तब्येत भरली. पोटॅशियम उतरून छातीचे ठोके चुकायला लागले, चक्कर येऊन पडली, तेव्हा उलगडा झाला. आम्ही तिला 'हावरट' म्हणून चिडवायचो. 'भस्म्या' त्याच माळेतला वाटतो मला, पत्रकात नको.

शमिका_ठाणे
हेच म्हणायचं होतं. कशी आहे आता?

गवतीचहा
बरी आहे. औषधापेक्षा समुपदेशनाचा उपयोग जास्त झाला म्हणते. लाज फार वाटायची तिला, म्हणून सांगितलंच नव्हतं कुणाला. आधी शंका आली ती दातांच्या डॉक्टरांनाच, त्यामुळे तुझं पत्रक हवंच. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, नुसत्या पाण्याने चूळ भरावी, हेही घाल त्यात. मऊ पडलेलं इनॅमल घासलं की आणखी जातं.

नाना_वाईकर
मुलीचं वाईट वाटलं. पण शब्दात दोष नसतो, वापरणाऱ्यात असतो. उद्या 'वेड'ही टाकून द्याल.

अर्धविराम
दवाखान्यात 'वेड' कधीच टाकून दिलंय, नाना. मनोविकार म्हणतात.

संस्कृतप्रेमी
'मनोविकार' संस्कृतच आहे, लक्षात घ्यावे. माझा 'क्षुधातिरेक' तेवढा चालत नाही!

कोल्हापुरी_रस्सा
बिंजसाठी आमच्याकडं 'खा खा सुटलीया' म्हणतात की.

शमिका_ठाणे
'खा खा सुटणे' जवळ जातं, पण गरोदरपणातही तेच म्हणतात आणि पावसाळ्यात भज्यांसाठीही. 'खाण्याचा झटका' कसं वाटतं?

गवतीचहा
झटका म्हटलं की मला फिट आठवते.

नाना_वाईकर
'वखवख' आहे की.

कोल्हापुरी_रस्सा
वखवख पैशाची पण असते नाना. आमच्यात ती जास्त करून पैशाचीच.

संस्कृतप्रेमी
'वखवख' हा ध्वन्यनुकारी शब्द असावा, की 'बुभुक्षा'चा अपभ्रंश? जाणकारांनी सांगावे.

अर्धविराम
'बुभुक्षा'वरून 'भूक' आली. वखवख नाही. ओढूनताणून आणू नका.

कोल्हापुरी_रस्सा
मग 'बकाबका' कुठनं आलं? बकासुरावरनं?