ईएल३४ अ‍ॅम्प रात्री वेगळाच वाजतो, खर्ज फुगतो, व्हॉल्व्ह बदलू का?

तंबोरा_मिरज:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे डायनाको एसटी-७० हा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प आहे, मामांनी अमेरिकेतलं घर आवरताना मला दिलेला. मॉडेल १९५९ चं, प्रत्येक चॅनेलला दोन ईएल३४ आउटपुट व्हॉल्व्ह, जीझेड३४ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह), आतलं जवळपास सगळं ओरिजिनल. २३० व्होल्टचे १२० करणाऱ्या स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालवतो. दिवाळीच्या आधी एका मेकॅनिककडून सर्व्हिस करून बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट जायचा ते ठरवणारं सेटिंग) लावून घेतला होता.

आता प्रॉब्लेम असा की दुपारी लावला तर ऐकत बसावं असा वाजतो, पण रात्री दहाच्या पुढं आवाज जाड होतो, तानपुऱ्याचा खर्ज फुगतो आणि गाणाऱ्याचे शब्द त्याच्या मागं जातात. मी सतारमेकर गल्लीच्या जवळ वाढलो, जवारी लावताना (तारेखालच्या घोडीवर सूर खुलवताना) दोरा केसभर सरकला की तार कशी खुलते ते लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळं खर्जाच्या तारेतून ती गुंजन करणारी कड यायला पाहिजे तिथं नुसतं ढुम्म येतं हे मला सहनच होत नाही. काल दिवे बंद करून बसलो होतो तर डावीकडच्या एका ईएल३४ ची करडी प्लेट मधोमध लाल झालेली दिसली. फिलामेंटचा केशरी उजेड नव्हे, खुद्द पत्राच लाल. एक जण म्हणतोय जुन्या स्टॉकचे मलार्ड कंपनीचे व्हॉल्व्ह टाक, सगळं सुधारेल. एवढे पैसे घालायच्या आधी विचारतोय. खोली १६ बाय १० फूट, सोफा मागच्या भिंतीला चिकटून, स्पीकर समोरच्या भिंतीपासून फूटभर पुढं.

सोल्डरकाका:
अहो आधी तो अ‍ॅम्प बंद करा आणि हे निस्तरेपर्यंत गाणी ऐकायला लावू नका. प्लेट लाल होते म्हणजे व्हॉल्व्हमधून झेपत नाही इतका करंट जातोय, असाच चालू ठेवला तर व्हॉल्व्ह जाईल आणि जाताना ट्रान्सफॉर्मरला पण घेऊन जाईल, आणि या मॉडेलचा पॉवर ट्रान्सफॉर्मर मुळातच गरम चालतो. मलार्ड टाकले तर तेही असेच लाल होतील, पैसे पाण्यात.

रात्री दहानंतर बिघडतं म्हणताय तर पहिल्यांदा लाईटचं व्होल्टेज मोजा. एकदा दुपारी, एकदा रात्री, आणि स्टेपडाऊनच्या आउटपुटला पण. मग बायस. पुढच्या बाजूला जी दोन ऑक्टल (आठ पिनांची) सॉकेटं आहेत तिथंच मीटर लावून मोजतात, प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही व्हॉल्व्हचा कॅथोड करंट मिळून १५.६ ओहमच्या एका रेझिस्टरमधून जातो, कंपनीने सांगितलेला आकडा १.५६ व्होल्ट, म्हणजे १०० मिलीअँपिअर, एका व्हॉल्व्हला ५०. मोजायला पाचच मिनिटं चालू करा, नजर प्लेटवर ठेवा, लाल दिसली की लगेच बंद. आणि स्पीकर काढून अ‍ॅम्प कधीच चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यानंच मरतात.

तंबोरा_मिरज:
काका मोजलं. दुपारी लाईट २२८, स्टेपडाऊनमधून ११९. रात्री साडेदहाला लाईट २५१ आणि आउटपुट १३१!! हीटर ६.३ पाहिजे ते ६.९ वर. बायस उजवीकडे १.७८ आणि डावीकडे २.२, आणि तो डावा आकडा बघता बघता वर सरकत होता, मी घाबरून बंद केला.

सोल्डरकाका:
छान मोजलंत, आता चित्र स्पष्ट आहे. दोन वेगळी दुखणी आहेत. व्होल्टेज चढतंय त्यामुळं दोन्ही चॅनेल जास्त पळतात, प्लेटला ४१५ व्होल्टच्या आसपास असायला हवेत तिथं रात्री ४५० मिळत असणार. पण डावं एकटंच पळत सुटलंय ते व्होल्टेजमुळं नाही, कारण बायसचा सप्लाय दोन्हीकडे एकच आहे. डावीकडचे दोन ईएल३४ आपसात बदलून बघा. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेली तर व्हॉल्व्ह खराब. तिथंच राहिली तर ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर लीक आहे, त्याच्या आधीच्या ड्रायव्हर व्हॉल्व्हचं पॉझिटिव्ह डीसी ग्रीडवर (ईएल३४ चा करंट आवरणाऱ्या जाळीवर) गळतंय आणि निगेटिव्ह बायस खाऊन टाकतंय. चारही सॉकेटांच्या ५ नंबर पिनवर, म्हणजे ग्रीडवर, डीसी मोजा, सारखं यायला पाहिजे.

तळ उघडायचा असेल तर कृपा करून हे पाळा. प्लग काढल्यावर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी राहू शकतं, ५ वॉटच्या १० के रेझिस्टरनं ते उतरवा, मीटरनं खात्री करा, मग हात घाला. चालू असताना पिनवर मोजायचं तर एक हात पाठीमागं. तुम्हाला यातलं काही नवीन वाटत असेल तर शेजारी जाणकार माणूस बसवा, लाज वाटायचं कारण नाही.

एक सेलेनियम रेक्टिफायर पण असेल आत बायस सप्लायला, ओरिजिनल असला तर तो काढून १एन४००७ डायोड आणि त्याच्याजवळचे दोन इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर नवे टाकून घ्या. तो कधी दगा देईल सांगता येत नाही आणि बायस गेला की चारही व्हॉल्व्ह एकदम लाल.

घाटावरचा:
व्होल्टेजसाठी रिलेवाला स्टॅबिलायझर घेऊ नको भावा, ऐन आलापात टक् करून टॅप बदलतो आणि आवाज उडी मारतो. मी २ अँपिअरचा डिमरस्टॅट (हातानं फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) लावलाय स्टेपडाऊनच्या आधी, सोबत छोटा व्होल्टमीटर. बसायच्या आधी एकदा आउटपुट ११७ वर लावायचं आणि मग मध्येमध्ये नजर टाकायची, आपोआप काही होत नाही त्यात.

आता खोलीचं. तुझा तानपुरा काळी एकचा असेल तर खर्ज साधारण ६९ हर्ट्झला येतो. १६ फूट लांबीच्या खोलीत पहिला रेझोनन्स (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो) ३५ ला आणि दुसरा ७० ला, म्हणजे बरोब्बर तुझ्या खर्जावर! भिंतीला चिकटून बसलास की हा दुसरा सगळ्यात जोरात ऐकू येतो, भिंतीपासून ४ फुटांवर तो जवळपास नाहीसा होतो, आणि खोलीच्या अगदी मध्यात परत जोरात. ४ फूट सोफा ओढणं घरात जमणार नाही हे मला माहीत आहे (आमच्याकडे पण नाही जमलं), पण अडीच फूट आणलास तरी तो अर्ध्यावर येतो. स्पीकरचं पण तेच. खर्जाची तार एकटी छेडलेलं रेकॉर्डिंग लाव आणि डोकं पुढं मागं करत ऐक, मीटरची गरजच नाही. आणि स्पीकरची तार ८ ओहमच्या टॅपवरून (स्पीकर जोडायच्या टोकावरून) ४ च्या टॅपवर टाकून बघ, काही स्पीकरांचा खर्ज तिथं जास्त आवळून येतो. फक्त बदलताना अ‍ॅम्प बंद.

तंबोरा_मिरज:
उशिरा लिहितोय, माफ करा. व्हॉल्व्ह आपसात बदलले तरी लाली त्याच सॉकेटवर राहिली. ५ नंबर पिनवर तीन ठिकाणी उणे ३४ व्होल्ट आणि त्या एकावर उणे २९. काकांनी सांगितलं तसंच निघालं. इथले एक जुने रेडिओ मेकॅनिक शेजारी बसले होते, चारही कपलिंग कपॅसिटर ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन टाकले, ते पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवले, आणि सेलेनियमच्या जागी डायोड. डिमरस्टॅट सांगलीत मिळाला. बायस त्यांनी १.५६ ऐवजी १.२५ वर ठेवायला लावला, व्हॉल्व्हला ४० मिलीअँपिअर, म्हणजे साडेसोळा वॉटच्या आसपास आणि ईएल३४ ची मर्यादा २५ ची. आवाजात मला तरी काही कमी वाटलं नाही.

सोफा दोन फूट पुढं आलाय, आईला मागं पंचपाळ्याची शेल्फ ठेवायला जागा झाली म्हणून ती खूश आहे. स्पीकर तीन फूट. ८ चा टॅपच बरा वाटला. काल रात्री अकराला बाबांची जुनी तोडीची एलपी लावली, खर्ज छेडला की आधी बोट तारेवर घासल्याचा आवाज, मग ती कड हळूहळू उलगडत वर जाते आणि पुढची तार वाजेपर्यंत खाली टिकून राहते, आणि गाणाऱ्याचा श्वास त्याच्या पुढं स्पष्ट. दिवे बंद करून चारही प्लेटा बघितल्या, करड्याच आहेत.

काका, जीझेड३४ पण तितकाच जुना आहे, तो कधी बघायचा?

सोल्डरकाका:
चालू करताना आत ठिणगी दिसली किंवा प्लेटचं व्होल्टेज ४०० च्या खूप खाली आलं तर बदला, तोवर हात लावू नका. त्याच्या आधी तो चार भागांचा मोठा फिल्टर कपॅसिटर बघून घ्या, इनपुट शॉर्ट करून पण स्पीकरमधून १०० सायकलची घुर्र येत असेल तर तो आधी.