उसाच्या पानात २० मायक्रॉनखाली सगळं धूसर: भिंग बदलू की सॉफ्टवेअर?

ऊसपान_कोल्हापूर: को ८६०३२ या जातीच्या पानाचे १०० मायक्रॉनचे काप, पाण्यात माउंट केलेले. कॉन्फोकल (लेसरने थराथराने प्रतिमा घेणारा सूक्ष्मदर्शक), ६०एक्स १.४ एनए (भिंग किती तिरपे किरण पकडतं त्याचं माप) ऑइल भिंग. वरचे १५ मायक्रॉन झकास. त्याखाली शिरेभोवतीच्या पेशीभित्तिका उभ्या ताणल्यासारख्या दिसतात, उजेडही मरतो. लेसर वाढवला की नुसतं ब्लीचिंग (चमक विझणं). डीकन्व्होल्यूशनने (सॉफ्टवेअरने धूसरपणा काढून) सुटेल का?

भिंगवाला: नाही ओ. डीकन्व्होल्यूशन सहसा सगळ्या खोलीला एकच पीएसएफ (एका बिंदूची भिंगातून दिसणारी प्रतिमा) धरतं, तुमचा तर खाली जाईल तसा बिघडतोय. तेलाचा अपवर्तनांक १.५१८, पाण्याचा १.३३. त्यामुळे कडेचे आणि मधले किरण एका ठिकाणी जुळतच नाहीत. खात्री करायची तर २०० नॅनोमीटरचे चमकणारे बीड्स (मणी) बघा: फोकसच्या एकाच बाजूला कडी दिसली तर गोलीय विपथन आहे. ६०एक्स १.२ वॉटर लावा, कॉलरवालं, म्हणजे कव्हरस्लिप या कापावरच्या पातळ काचेच्या जाडीनुसार फिरवायचं कडं असलेलं. १.४ सोडल्याचं दुःख नको, पाण्यातल्या कापात १.३३ च्या वरचा एनए तसाही वाया जातो. डिपिंगचं (थेट पाण्यात बुडवायचं) मात्र नको, त्यात कव्हरस्लिपचा हिशेबच नसतो.

कॉलर_फिरवा: कॉलर वरच्या थरावर लावून मोकळं होऊ नका. ०.१७ मिमीपासून सुरू करा, हव्या त्या खोलीवर जा, कॉलर अगदी थोडी फिरवा, फोकस परत धरा (तो सरकतोच), एक्स-झेड (उभ्या छेदाचा) स्कॅन घ्या. भित्तिका सगळ्यात बारीक आणि उजळ दिसेल तिथं थांबा. कव्हरस्लिप १.५एच (०.१७ मिमी जाडीची) घ्या. उन्हाळ्यात लांब स्टॅक (थरांची मालिका) घेताना भिंगाखालचा पाण्याचा थेंब सुकतो आणि त्यालाच लोक ब्लीचिंग म्हणतात.

ऊसपान_कोल्हापूर: वॉटर लावलं. ४० मायक्रॉनपर्यंत सुधारलं, पण मेसोफिल (पानाच्या आतला पेशीथर) अजून ढगाळच.

भिंगवाला: ती हवा. पेशींमधल्या पोकळीचा अपवर्तनांक १, तिथं कॉलर काय करणार? २० मिलीच्या सिरिंजमध्ये काप आणि पाणी घ्या, आतली हवा काढा, तोंड बोटानं दाबून दट्ट्या ओढून धरा, सोडा. काप बुडेपर्यंत चार-पाच वेळा. ताजं पानच हवं असा हट्ट नसेल तर ४ टक्के पीएफएमध्ये (पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये) फिक्स करून क्लिअरसी या द्रावणात टाका: झायलिटॉल १०, सोडियम डीऑक्सिकोलेट १५, युरिया २५ टक्के. पान पारदर्शक व्हायला काही दिवस जातात. मग माउंटही त्यातच करा. त्याचा अपवर्तनांक १.४१ च्या आसपास, म्हणजे वॉटर भिंग पुन्हा चुकीचं. तिथं सिलिकॉन ऑइलचं लागेल.