सेंटर म्हणजे नुसता खांब नव्हे

"सेंटरला काय, उंची असली की झालं" हे बास्केटबॉलमधल्या सेंटरबद्दल (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) कुणीतरी लिहिलेलं वाक्य वाचून राहवलं नाही. सोलापुरात शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मी चार वर्षं सेंटर खेळलोय. वर्गात सर्वांत उंच म्हणून सरांनी रिंगखाली नेऊन उभं केलं, एवढीच पात्रता. एप्रिलमध्ये बुटातूनही चटके बसायचे, आणि माझ्याहून वीतभर बुटका पोरगा एक हूल देऊन बगलेतून पसार व्हायचा. मी आपला खांब.

हकीम ओलाजुवॉन हा सेंटर बघा. नायजेरियातल्या लागोसचा हा पोरगा आधी हँडबॉल खेळायचा, फुटबॉलमध्ये गोलकीपर. बास्केटबॉल बराच उशिरा हाती आला, तरी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या १९८४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला पहिला उचलला. मायकल जॉर्डन तिसरा गेला! रिंगकडे पाठ, एका खांद्याची हूल, समोरचा हलला रे हलला की उलटी गिरकी. आपल्याकडे खो-खोत खांबापाशी हुलकावणी देतात ना, तसं. ते पाय गोलपोस्टमध्ये घडले असं मला वाटतं.

१९९४ आणि १९९५, लागोपाठ दोन विजेतेपदं. त्याच्या ३,८३० ब्लॉक्सचा (समोरच्याने रिंगकडे टाकलेला चेंडू हवेतच अडवणं म्हणजे ब्लॉक) विक्रम अजून अबाधित आहे. (ब्लॉक मोजायला लागले १९७३ पासून, म्हणून त्याआधी खेळलेल्या बिल रसेलचे चाहते भांडतात. भांडू देत.) शेवटचा मोसम टोरांटोत, तो सोडून द्या.

आणि उंचीच म्हणाल, तर आपल्या पंजाबचा सतनाम सिंग सात फुटांच्या वर. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसच्या संघाने निवडला, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.