अनुभव धागा : मैदान, मोह आणि पडता काळ

रविवारची मॅच, लेंटमधला (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळातला) सराव, सट्टा, मोडलेला गुडघा, संघातून वगळणं. यात ख्रिस्ती विश्वास नेमका कसा चालवायचा? साक्षी (देवाने आपल्यासाठी काय केलं ते) सांगायला आपला दुसरा धागा आहे. इथे फक्त तेच लिहा, जे वाचणाऱ्याला उद्या सकाळी करता येईल.

वसईचा कोच

स्पर्धेचा ड्रॉ (सामन्यांची यादी) हातात आला की रविवारच्या मॅचेस वेगळ्या काढा आणि चर्चचं वेळापत्रक शेजारी ठेवा. सकाळी साडेआठची मॅच असेल तर पोरांना शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला (कॅथलिक उपासनेला) पाठवा. 1983च्या कॅनन लॉप्रमाणे (कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे) आदल्या संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, अगदी लग्नाची असली तरी. घोळ पुढे होतो. पोरं लग्नाच्या हॉलवरून रात्री बाराला घरी येतात, पोट तुडुंब, आणि सकाळी दहाव्या मिनिटाला कुशीत चमक!

रविवारी सकाळचीच मिस्सा करायची असेल तर कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेण्याआधीच्या उपासाचा एक तास कम्युनियनपासून मागे मोजायचा, मिस्सा सुरू होण्यापासून नाही. सातची मिस्सा, कम्युनियन साधारण पावणेआठला. म्हणजे साडेसहापर्यंत दोन केळी आणि जॅम-पाव आरामात होतो. पाण्याने आणि औषधाने तो उपास मोडत नाही. तरी पोरं कोरडी येतात आणि उन्हात भोवळ येऊन बसतात.

गळ्यातला क्रूस ड्रेसिंग रूममध्येच काढा. फुटबॉलच्या नियम 4 मध्ये कुठलाच दागिना चालत नाही, वर पट्टी चिकटवूनही नाही. बनियनवर वचन लिहून गोलनंतर दाखवायचं खूळही सोडा. ब्राझीलचा फुटबॉलपटू 'काका' याने 2007च्या चॅम्पियन्स लीग फायनलला येशूच्या नावाचा टी-शर्ट दाखवला तो शेवटच्या शिट्टीनंतर. 2014 पासून आतल्या कपड्यांवर मजकूरच चालत नाही, आणि गोलनंतर जर्सी काढली की पिवळं कार्ड ठरलेलं.

लांब पल्लेवाली

कॅथलिकांना बंधनकारक उपास दोनच दिवस: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वय 18 ते 59. अठराच्या आतल्या खेळाडूंना तो लागूच नाही. मांस वर्ज्य मात्र चौदापासून. उपास म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी खाणी, उपाशी राहणं नव्हे. त्या दोन दिवशी लांब रन ठेवू नका, आठवड्याच्या आखणीतच मागे-पुढे सरकवा. गुड फ्रायडेला ऊनही कडक असतं, तेव्हा अर्धा तास चालणं पुरे. लेंटच्या उरलेल्या दिवसांत जेवण तोडण्यापेक्षा रनचं स्क्रीनशॉट टाकणं तोडा. ते जास्त झोंबतं.

जुना रेफ्री

रविवारचं नाव निघालं की स्कॉटलंडचा धावपटू एरिक लिडेल येतोच. 1924, पॅरिस ऑलिम्पिक. 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी, म्हणून तो धावला नाही, आणि 400 मीटरला 47.6 सेकंदांत सुवर्ण. लोक इथेच टाळ्या वाजवतात. पण वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलं होतं. नकार आधीच कळवून त्याने उरलेला वेळ 400च्या तयारीत घातला. ऐन शनिवारी रात्री कोचला "उद्या नाही जमणार" सांगणं म्हणजे दहा जणांना खड्ड्यात घालणं, त्याला लिडेलचं नाव देऊ नका.

हिशोबनीस

सट्ट्याबद्दल. 2025च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, पण बुकी टेलिग्रामवर आहेतच. येशूची परीक्षा चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भुकेच्या वेळी आणि एकांतात झाली (मत्तय 4). मोहाची वेळ आधी ओळखता येते: मॅच हरलेली, जेवण राहिलेलं, खोलीत एकटा, रात्रीचे अकरा. येशूची तिन्ही उत्तरं बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली, आधीपासून तोंडपाठ होती. आपलं उत्तरही आधीच तयार हवं.

ते असं. पगाराचं खातं यूपीआयला जोडायचं नाही. वेगळ्या खात्यात आठवड्याचे हजार रुपये टाकायचे, यूपीआय फक्त त्याला. मुख्य खात्याचं एटीएम कार्ड घरच्यांकडे. दर शनिवारी एका माणसाला दोन्ही खात्यांचं स्टेटमेंट दाखवायचं. तो माणूस प्रार्थना गटातला नको. गटात "प्रार्थना विनंती" म्हणून सांगितलेलं संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर असतं. वयाने मोठा, न घाबरता पैशाचे प्रश्न विचारणारा बघा.

सगळ्यात जास्त फसते ती क्रूसासमोर घेतलेली शपथ. ती मोडली की लाज, लाजेपोटी लपवणं, आणि लपवलेलं भरून काढायला दुप्पट पैज. कर्ज असेल तर आकडा कागदावर, घेणेकऱ्यांची नावं समोर. कन्फेशनला (फादरसमोर पापाची कबुली द्यायला) जा, पण फादर हप्ते भरणार नाहीत.

फिजिओ

गुडघ्याचा एसीएल (आतला मुख्य लिगामेंट) ऑपरेशनने बदलला की नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत नको, आणि नऊ झाले तरी मांडीची ताकद चांगल्या पायाच्या 90 टक्के आल्याशिवाय नको. चौथ्या महिन्यात सूज गेलेली असते, दुखत नाही, आणि पोरगा मंडळीत (चर्चमध्ये) "देवाने बरं केलं" अशी साक्ष देऊन मोकळा होतो. नवीन लिगामेंट त्या काळात आतून अजून कच्चं असतं. साक्ष द्या, पण मैदानावर जायचं की नाही ते हॉप टेस्ट (एका पायावर उड्या मारायची चाचणी) ठरवेल.

मनगटावरच्या पट्टीबद्दल

फिलिप्पै 4:13 ("मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो") छापलेल्या पट्ट्या घालताय तर 12वं वचनही वाचा. पौल कैदेत आहे, आणि भरल्या पोटी व उपाशी दोन्ही राहायला शिकलो म्हणतोय. फ्री किकबद्दल काही नाही.

पाळकबाई, नगर

संघातून वगळलेल्या पोराला "देवाची योजना असेल" एवढं बोलून निघू नका. बायबलमधला संदेष्टा एलिया झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा दूताने आधी त्याला दोनदा खायला दिलं, मधे झोपू दिलं. बोलणं नंतर (1 राजे 19). क्रम तोच ठेवा. स्तोत्र 13 मोठ्याने वाचायला द्या, सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनांतच "किती काळ" हा प्रश्न चार वेळा येतो. 88वं तर अंधारातच संपतं, तेही चालेल.

दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही किंवा मरणाची भाषा निघाली तर प्रार्थनेसोबत टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), 14416 ला, आपल्याच फोनवरून लावून द्या. मरणाची भाषा असेल तर त्याच दिवशी. भेटायला जाताना डब्यात खिचडी न्या. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले होते. तुम्ही अर्धा तास बसलात तरी चालेल, फक्त क्रिकेटचा विषय त्याने काढल्याशिवाय काढू नका.